माळ्यावरचा देव

काही शब्द असे असतात की, सभेच्या व्यासपीठावर ते फार शोभून दिसतात; पण घरी आणून त्यांच्याकडे जवळून पाहावे, तर मन थोडे चपापते. ‘सहिष्णुता’ हा त्यांतलाच एक शब्द. आपण सहन काय काय करतो? दाढदुखी सहन करतो, वैशाखातले ऊन सहन करतो, शेजारच्या घरातला मोठ्याने लावलेला रेडिओ सहन करतो. जे आवडत नाही आणि टाळताही येत नाही, तेच सहन करायचे असते. युरोपीय भाषांतला ‘टॉलरेशन’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचाही अर्थ ओझे सोसणे, कळ काढणे असाच आहे. दिवाळीला घरी आलेल्या पाहुण्याला आपण ‘बसा, मी तुम्हांला सहन करतो आहे’ असे म्हणालो, तर तो फराळाच्या ताटावरून उठून जाईल. मग दुसऱ्या धर्माच्या माणसाला सहन करणे हा सद्गुण कसा काय? ‘प्रेम करा’ असे सांगायचे सोडून ‘सोसा’ एवढेच सांगणे, हा अगदीच कोता आदर्श नव्हे काय?

हा प्रश्न नुसत्या तर्काने सुटणारा नाही. ज्या लोकांना सोसणे मुळीच ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ते मोठी किंमत देऊन शिकावे लागले, त्यांच्याकडे पाहिले तर काही उमज पडेल. असे लोक म्हणजे सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या शतकांतले युरोपीय.

इतिहास शिकवताना मुलांना मी एक गोष्ट आधी सांगतो. पूर्वीची माणसे दुष्ट किंवा मूर्ख होती असे धरून चालू नका. त्यांच्या जागी उभे राहून पाहा. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती माणसाची अशी खात्री होती की, खोट्या श्रद्धेने आत्मा कायमचा नरकात जातो. गावच्या विहिरीत कुणी विष कालवीत असेल, तर त्याला आपण मोकळे सोडू काय? आणि विषाने तर देहच मरतो! पाखंडी माणसाला जाळणारे न्यायाधीश रात्री शांत झोपत असत, कारण आपण लेकराबाळांचे रक्षण केले असे त्यांना मनापासून वाटे. छळाच्या मुळाशी क्रौर्य असतेच असे नाही. पुष्कळदा तेथे काळजी असते. म्हणून तर तो थांबवणे इतके कठीण जाते.

१५५३ सालची जिनिव्हातली घटना घ्या. मायकेल सर्व्हेटस हा स्पेनमधला वैद्य. देवाच्या त्रिमूर्तीचा सिद्धांत त्याला मान्य नव्हता. रक्त हृदयातून फुप्फुसांत जाते आणि तेथून परत हृदयाकडे येते, ही गोष्ट युरोपात प्रथम छापून मांडली ती त्याने. तीही एका धर्मविषयक ग्रंथात. त्याच ग्रंथासाठी फ्रान्समधल्या कॅथलिक अधिकाऱ्यांनी त्याला पकडले. तो तुरुंगातून निसटला, तेव्हा त्यांनी त्याच्या प्रतिमेचे दहन केले. सर्व्हेटस तेथून आला तो प्रॉटेस्टंटांच्या जिनिव्हात! तेथे कॅल्व्हिनच्या पुढाकाराने त्याच्यावर खटला झाला आणि २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले. एकमेकांना सैतान म्हणणाऱ्या दोन पंथांचे एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत झाले : या माणसाला जगू द्यायचे नाही.

या कृत्याविरुद्ध आवाज उठवला तो एका शिक्षकाने. सेबास्टियन कॅस्टेलिओ हा एके काळी जिनिव्हातल्याच शाळेचा मुख्य होता. कॅल्व्हिनशी मतभेद झाल्यामुळे त्याने ते गाव सोडले आणि बाझेलमध्ये हलाखीत दिवस काढले. ऱ्हाईन नदीच्या पुरात वाहून येणारी लाकडे तो घरच्या चुलीसाठी गोळा करी. त्यावरूनही विरोधकांनी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. १५५४ साली त्याने टोपणनावाने एक पुस्तक छापले. पाखंड्यांचा छळ करावा काय, हा त्याचा विषय. त्याचा आशय थोडक्यात सांगायचा तर असा : पाखंडी म्हणजे कोण, याचा पुष्कळ विचार केल्यावर एवढेच हाती लागते की, जो आपल्याशी सहमत नाही त्याला आपण पाखंडी म्हणतो. शिवाय, ज्या वचनांचा अर्थ लावताना विद्वानांतही एकवाक्यता होत नाही, त्या वचनांसाठी माणूस मारणे म्हणजे अनिश्चित गोष्टीसाठी निश्चित हत्या करणे होय.

वाचकांना वाटेल की, एवढे स्वच्छ बोलणे ऐकून लोक शहाणे झाले असतील. तसे काही झाले नाही. कॅस्टेलिओ १५६३ साली वारला, तोही चौकशीचे सावट डोक्यावर असताना. सर्व्हेटसच्या प्रकरणी त्याने कॅल्व्हिनला लिहिलेले उत्तर १६१२ सालापर्यंत छापलेही गेले नाही. चांगला विचार जन्माला येतो आणि लगेच जग बदलते, ही आपण पुस्तकवाल्या माणसांची एक लाडकी समजूत आहे. जग बदलले ते दुसऱ्याच कारणाने.

ते कारण म्हणजे थकवा. १५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसात सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली, आणि ती इतर गावांत पसरून हजारो माणसे मेली. फ्रान्समध्ये १५६२ पासून ही यादवी धुमसत होती. अखेर १५९८ साली राजा चौथा हेन्री याने नांत गावी जाहीरनामा काढून प्रॉटेस्टंटांना ठरावीक जागी उपासना करण्याची मुभा दिली. जर्मनीत तर १६१८ पासून १६४८ पर्यंत तीस वर्षे युद्ध चालले, काही प्रांतांत निम्म्याहून अधिक वस्ती नाहीशी झाली, तेव्हा कुठे वेस्टफालियाचा तह झाला. या तहांवर सह्या करणाऱ्यांना परधर्मीयांविषयी प्रेमाचा उमाळा आला होता असे कुणी समजू नये. समोरचा मरत नाही आणि आपणही मारून दमलो, एवढेच त्यांना कळले होते.

आणि दुसरे कारण म्हणजे व्यापार. हॉलंडमधल्या प्रांतांनी १५७९ साली उट्रेख्ट येथे करार केला, त्यात धर्मावरून कुणाचीही चौकशी वा छळ होऊ नये असे एक कलम घातले. मनात काय मानावे याची मोकळीक मिळाली. उघड उपासनेची मिळाली नाही. आम्स्टरडॅममध्ये कॅथलिकांना देवळे बांधण्याची मनाई होती. मग यान हार्टमान नावाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने काय करावे? त्याने कालव्याकाठी घर घेतले, त्याच्या मागची दोन लहान घरे जोडली, आणि १६६३ च्या सुमारास तिन्हींच्या माळ्यावर मिळून एक अख्खे चर्च बांधले. वेदी आहे, सज्जे आहेत, सारे काही आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र एका सावकाराचे घर तेवढे दिसावे. घंटा नाही, मनोरा नाही. हे चर्च आजही तेथे आहे. १८८८ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळते. त्याला दिलेल्या डच नावाचा अर्थ ‘माळ्यावरचा आपला प्रिय प्रभू’ असा होतो.

यातली मौज अशी की, हे गुपित कुणालाच गुपित नव्हते. रविवारी इतकी माणसे एकाच घरात शिरतात आणि जिना चढतात, हे शेजाऱ्यांना दिसत होतेच. शहराच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होते. अशा उपासनेकडे दुर्लक्ष करण्याबद्दल कॅथलिकांकडून ठरावीक पैसे घेतले जात. सगळ्या गावाने मिळून केलेला हा काणाडोळा होता.

हे ऐकून आपल्या मनाला किळस येते. लाच खाऊन दिलेली ही मोकळीक! देवाला माळ्यावर लपवावे लागते, ही कसली सहिष्णुता? आक्षेप खरा आहे. परंतु ज्यांना दुसरीकडे काय चालले होते हे ठाऊक होते, त्यांना या माळ्याची किंमत कळत होती. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला, १५३६ साली तेथे धर्मन्यायालय बसले, आणि १५६० साली तेच आपल्या गोव्यातही आले. गार्सिया द ओर्ता हा अशाच बाटवलेल्या ज्यू घराण्यातला वैद्य गोव्यात राहिला. मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. या भूमीतल्या वनस्पती आणि औषधे यांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळले. आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. त्याच पोर्तुगीज ज्यूंपैकी जे आम्स्टरडॅमला पळून गेले, त्यांच्या वंशजांनी १६७५ साली तेथे भव्य सभास्थान उघड उघड बांधले. बहुतेक धंद्यांच्या संघांचे दरवाजे त्यांना बंदच होते. तेथेही त्यांच्यावर कुणी जीव टाकत नव्हते. पण त्यांची हाडे जागच्या जागी राहिली.

माझ्या मते सोसण्याचा मोठेपणा इथेच आहे. प्रेम हुकमाने उत्पन्न करता येत नाही. ज्याची श्रद्धा मला चुकीची, कदाचित ओंगळही वाटते, त्याच्यावर प्रेम कर असे मला कुणी सांगितले, तर मी फार तर प्रेमाचे सोंग करीन. पण ‘त्याच्यावर हात उगारू नकोस’ असे सांगितले, तर ते मला आज, आत्ता, माझ्या साऱ्या नावडीसकट पाळता येते. किंबहुना नावड असते म्हणूनच तेथे सद्गुणाला वाव असतो. ज्याला कुठल्याच धर्माचे सोयरसुतक नाही, तो सहिष्णू नव्हे. तो नुसता बेफिकीर. ज्याला आपल्या देवाची ओढ आहे, दुसऱ्याचे चुकते आहे असे ज्याला मनापासून वाटते, आणि तरीही जो हात आवरतो, तो खरा सोसणारा.

मात्र थकव्यातून आणि सोयीतून आलेल्या सोसण्यात एक मोठी खोट आहे. थकवा वारशाने मिळत नाही. आजोबा लढून दमलेले असतात. नातू ताजातवाना जन्माला येतो. नांतचा जाहीरनामा काढताना त्याला चिरंतन आणि अपरिवर्तनीय म्हटले होते. अवघ्या ८७ वर्षांनी, १६८५ साली, हेन्रीचाच नातू चौदावा लुई याने तो रद्द केला. आजोबांचा थकवा त्याने पाहिला नव्हता. त्याच्याजवळ फौज होती आणि आत्मविश्वास होता. प्रॉटेस्टंटांची प्रार्थनामंदिरे पाडली गेली, धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला, आणि सामान्य लोकांना देश सोडण्याचीच बंदी झाली. तरीही सुमारे दोन लाख माणसे निसटली. कृपा म्हणून दिलेली वस्तू देणारा केव्हाही परत मागू शकतो.

त्या वर्षी पिएर बेल नावाचा फ्रेंच प्रॉटेस्टंट प्राध्यापक हॉलंडमध्ये रॉटरडॅमला होता. त्याचा भाऊ फ्रान्समधल्या तुरुंगात मेला. बेल तरुणपणी कॅथलिक झाला होता आणि पुन्हा मूळ पंथात परतला होता. प्रामाणिक माणूसही चुकू शकतो, हे त्याला स्वतःवरूनच ठाऊक होते. १६८६ साली त्याने लिहिलेल्या ग्रंथाचा रोख असा : सत्य ज्याच्याकडे आहे त्याला सक्ती करण्याचा हक्क आहे असे म्हटले, तर सत्य आपल्याकडेच आहे असे प्रत्येकाला वाटते, म्हणजे हक्क सर्वांनाच मिळाला. आणि चुकलेल्या माणसालाही आपल्या सदसद्विवेकाशिवाय दुसरा दिवा नाही; तो विझवून त्याच्या हाती सत्य येणार नाही. येथे सोसणे हा उपकार राहिला नाही, समोरच्याचा हक्क झाला.

अर्थात हक्काची ही वाटही काही सरळ नव्हती. इंग्लंडच्या १६८९ च्या कायद्याने कॅथलिकांना वगळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पत्रात लॉकने नास्तिकांना सहन करू नये असे म्हटले, कारण त्यांच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा? आणि आम्स्टरडॅममध्ये आसरा मिळालेल्या ज्यू समाजानेच १६५६ साली तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला बहिष्कृत केले. ज्यांना कुणीतरी सोसले, ते स्वतः दुसऱ्याला सोसायला शिकतातच असे नाही.

फ्रान्समध्ये १७६२ साली तुलूझ शहरातला जाँ कालास हा प्रॉटेस्टंट व्यापारी, मुलगा कॅथलिक होऊ नये म्हणून त्याला मारल्याच्या आरोपावरून हालहाल करून मारला गेला. व्हॉल्तेरने लेखणी उचलली, आणि १७६५ साली कालास निर्दोष ठरला, पण मेल्यावर. १७८७ साली सोळाव्या लुईने एक हुकूम काढला. त्यात प्रेमाची भाषा नव्हती, उघड उपासनेची परवानगीही नव्हती. प्रॉटेस्टंटांचे जन्म, विवाह आणि मृत्यू सरकारी वहीत नोंदले जावेत, एवढेच होते. परंतु त्या एका नोंदीने, एकशेदोन वर्षे कायद्याच्या दृष्टीने ज्यांचे लग्नच झालेले नव्हते अशा आयाबापांची मुले औरस ठरली.

काणाडोळा, कृपा, हक्क अशा या तीन पायऱ्या. पहिल्या पायरीला आपण नाक मुरडतो, पण तिच्यावाचून पुढची कुणाला दिसलीच नसती. शेजाऱ्याचा देव त्याच्या माळ्यावर आहे हे ठाऊक असूनही ज्याने आरडाओरडा केला नाही, तो फार थोर माणूस नव्हता. पण त्याच्यामुळे कुणीतरी त्या रात्री घरी झोपले. तेवढ्यावर थांबू नये, हे खरेच. देव माळ्यावरून खाली आणण्याचा हक्क कायद्यातच लिहिलेला असावा, म्हणजे कुण्या नातवाला तो सहज पुसता येणार नाही.

तरीही नुसत्या कायद्यावर विसंबता येत नाही, कारण कायदा वाचणारी माणसे दर पिढीला नवी असतात. ती दमलेली नसतात, आणि दमू नयेत अशीच आपली इच्छा असते. म्हणून आजोबा कशाने दमले होते, हे नातवंडांना सांगत राहणे, एवढे काम घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आणि शाळेतल्या मास्तरांकडे कायमचे राहते.