येते का गिटार?

शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या की विचारतात, "मग, येते का आता गिटार?" गेल्या आठ महिन्यांत हा प्रश्न दहा-बारा वेळा तरी झाला असेल. त्यांच्या मनात वाकडं काही नसतं. भिंतीपलीकडून माझे अडखळते स्वर रोज त्याच ऐकतात आणि कधी कुरकुरल्या नाहीत. तरी प्रश्न टोचतो. माझं उत्तर ठरलेलं आहे : "येण्यासाठी नाही हो, आनंदासाठी शिकतेय." परवा हेच सांगून घरात आले, गिटार मांडीवर घेतली, आणि मन त्या उत्तरापाशीच अडून बसलं.

48व्या वर्षी पोलादी तारा दाबायला घेतल्या की बोटांची टोकं हुळहुळतात, मग त्यांवर घट्टे पडतात. ज्याने कधी तारेला हात लावलाय त्याला हे सांगायला नको. माझे सर बावीस वर्षांचे आहेत. ते मला काकू म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दोघांनाही त्यात अवघड वाटत नाही. हे सगळं ठीक चाललंय. मला छळतात ती दोन क्रियापदं : शिकणं आणि येणं.

'मी शिकते' म्हणताना कर्ता मी असते. 'मला येतं' म्हणताना मी बाजूला सरते आणि ती गोष्टच पुढे येते. मला पोहता येतं, मोडी वाचता येते, भाकरी येते. लहानपणी कितीतरी दिवस परातीत भाकऱ्या फाटत राहिल्या, आणि मग कधीतरी भाकरी यायला लागली. नेमकी कुठल्या दिवशी, ते आईलाही सांगता येणार नाही. शिकणं आपल्या हातात असतं, येणं नसतं. म्हणून आपल्या हातातलं तेवढं करावं आणि येण्याची वाट पाहू नये, असं मी स्वतःला समजावत आले होते. ते शहाणपणाचं वाटत होतं.

धाकट्या मामांना ते पटत नाही. ते भजनी मंडळात 40 वर्षं पेटीची साथ करतात. गिटार घेतल्याचं कळलं तेव्हा ते म्हणाले, "हात बसतो तो बोटं कोवळी असतानाच. आता तू करमणूक म्हणून वाजव. त्याच्या पलीकडे जाऊ नकोस, उगाच त्रास करून घेशील." मी त्यांच्या पहिल्या वाक्यावर तुटून पडले. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार शिकायला घेतली आणि त्यावर 2012मध्ये 'गिटार झीरो' हे पुस्तक लिहिलं, हे त्यांना सांगितलं. अमेरिकन शिक्षणविचारक जॉन होल्ट चाळिशीत चेलोकडे वळले, तेही सांगितलं. मामा शांतपणे ऐकत राहिले.

मामांच्या बाजूनेही पुरावा आहे, आणि तो मी लपवणार नाही. 1995मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठीची जागा इतरांपेक्षा मोठी आढळली, आणि ज्यांनी लहान वयात सुरुवात केली त्यांच्यात जास्त मोठी. वादक नऊच होते, त्यांत गिटारवाला एक. तरी दिशा मामांच्याच बाजूची होती.

पण मग एफ कॉर्डची गोष्ट झाली. पहिल्या पडद्यावर तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची, बाकीची तीन बोटं पुढे आपापल्या जागी ठेवायची. चार महिने दोन तारा मुक्या राहिल्या. मी ते वयाच्या खात्यावर मांडून मोकळी झाले होते. सांगलीहून मिरज जवळ, म्हणून एकदा गिटार घेऊन तिथल्या एका तंतुवाद्यांच्या कारागिराकडे गेले. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडतात. जवारी लावणाऱ्या त्या हातांना तारेच्या उंचीतला केसाएवढा फरक कळतो. त्यांनी पहिल्या पडद्यापाशी तार दाबून पाहिली आणि म्हणाले, "ताई, तार फार वर आहे." खुंट्यांकडे जाताना तारा ज्या पट्टीवरून जातात, तिच्यातल्या खाचा उथळ कापलेल्या होत्या. त्या टोकाजवळ तार अशीही ताठ असते. त्यात ती उंच असली की दाबायला दुप्पट जोर लागल्यासारखं वाटतं. त्यांनी बारीक कानस फिरवून खाचा खोल केल्या, घोडीवरचं हाड थोडं घासलं. दोन आठवड्यांत एफ वाजली. वयाचं म्हणून जे मी इतकी वर्षं नावावर घेत आले, त्यातलं किती असं दुसऱ्याच कशाचं असेल, हा विचार परतीच्या बसमध्ये सुटला नाही.

इथे थोडं आडवाटेला जाते, कारण या गोष्टीने मला आठवडाभर झोपू दिलं नाही. आपल्या थोर वादकांनी गिटार घेतली ती कॉर्डसाठी घेतलीच नाही. ब्रिजभूषण काब्रांनी ती आडवी ठेवली, तारेवरून सळई सरकवत मींड काढली. 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या सोबतीला ती आहे. पुढे विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली आणि 1994मध्ये ग्रॅमी मिळवलं. त्यांना पडद्यांमधला स्वर हवा होता. मला शिकवतात ती गिटार उभी, पडद्यांवर बांधलेली, एका वेळी तीन-तीन स्वर वाजवणारी. आई पहाटे भूपात भूपाळी म्हणते. तिला साथ करावी असं मनात आलं आणि कागदावर मांडून पाहिलं. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. उरलेल्या सा, रे, ग, प, ध यांतून शुद्ध अशा कॉर्ड दोनच बनतात : सा-ग-प आणि ध-सा-ग. जीचा आकार 'सा' धरला तर जी आणि ई मायनर. शिकाऊ माणसाची हक्काची तिसरी कॉर्ड सी. तिच्यात मध्यम येतो. चौथी डी, तिच्यात निषाद येतो. दोन्ही भूपाबाहेर. शोधून काढलेल्या या दोन कॉर्डचा मला केवढा आनंद झाला! एफची तर गरजच नव्हती.

आईचा सा काळी चार. पहिल्या पडद्यावर कॅपोचा चिमटा लावून जीचा आकार धरला की काळी चार लागते. एकटीने वाजवताना जी ते ई मायनर मला सहज जमत होतं. मग एका पहाटे तिच्याशेजारी बसले. तिसऱ्या ओळीत माझं बोट शेजारच्या तारेला लागलं, मी थांबले, नीट लावलं. आई थांबली नाही. ती 79 वर्षांची आहे, डोळे मिटून गाते. तिला मी चुकल्याचं कळलंही नसेल. गाणं पुढे निघून गेलं आणि मी मागच्या ओळीत राहिले.

एकटीच्या खोलीत मी आठ महिने शिकत होते, पण तिथे चुकलं की वेळ माझ्यासाठी थांबायची. साथीत ती थांबत नाही. साथीला हवा असतो तो आलेला हात. आनंदासाठी शिकतेय म्हणताना मी आईच्या भूपाळीला काय देत होते? मग मामांचं दुसरं वाक्य आठवलं, ज्यावर मी एक शब्दही बोलले नव्हते. करमणूक म्हणून वाजव, पलीकडे जाऊ नकोस. जिन्यात वहिनींना मी तेच तर सांगत होते! ज्या वाक्याशी भांडायला हवं होतं ते मी माझंच उत्तर म्हणून आठ महिने वापरलं. मला गिटार यायला हवी आहे. येणं माझ्या हातात नसेल, पण ते मागणं तरी माझ्या हातात आहे, आणि मागितल्याशिवाय रोज सकाळी पाऊण तास तेच दोन आकार बदलत बसायचं बळ कुठून येणार?

मार्कस, होल्ट आणि एल्बर्ट यांचं आता माझ्याजवळ फारसं काम उरलं नाही. मेट्रोनोम 60वर लावते, चुकलं तरी हात थांबवत नाही, पुढच्या मात्रेला जाऊन मिळते. काल तिसरी ओळ न थांबता गेली; चौथीत ई मायनर उशिरा आली.

मामांना फोन केला. रविवारी पहाटे पेटी घेऊन या म्हटलं, आईला भूपाळी म्हणायचीये, साथ दोघांनी करायची. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पट्टी कुठली?"

"काळी चार," मी सांगितलं.