क्षमेसाठी निवडलेला दिवस

आईसाठी तुम्ही कधी देवाची प्रार्थना केलीत का, असं धाकटा एडमंड बापाला विचारतो. बाप जेम्स टायरोन हा आयरिश कॅथलिक, नावाजलेला नट. वर्षानुवर्षं करतोय, असं तो सांगतो. मग देव मेला म्हणणाऱ्या नीत्शेचंच खरं असणार, असं मुलगा म्हणतो. युजीन ओनीलच्या ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ची सगळी धग या दोन-चार वाक्यांत आहे.

हे घर ओनीलचं स्वतःचं. वडील जेम्स ओनील यांनी मॉन्टे क्रिस्टोच्या काउंटची भूमिका हजारो वेळा केली. तिनं पैसा दिला आणि त्यांच्यातला शेक्सपिअरचा नट गिळला. आई एला १८८८ साली युजीनच्या बाळंतपणानंतर मॉर्फिनच्या आहारी गेली. मधला मुलगा एडमंड त्याआधीच, दोन वर्षांचा होण्यापूर्वी, गोवरानं गेला होता. नाटकात लेखकानं नावांची अदलाबदल केली: स्वतःला एडमंड म्हटलं आणि मेलेल्या बाळाला युजीन. आपण जन्मलो नसतो तर आई धड राहिली असती, हे शल्य त्यानं असं नावातच पुरून ठेवलं.

चौथ्या अंकात कंजूष बाप इरेला पेटून झुंबराचे तिन्ही दिवे लावतो. मग दहाव्या वर्षी कारखान्यात राबल्याची, आईनं परक्यांच्या घरी फरशा पुसल्याची हकिगत सांगतो. सांगून झाल्यावर उठतो आणि दिवे एकेक करून मालवतो. बापाची गरिबी मुलाला आता कळलेली असते, तरी बापाचा हात बटणाकडे जातोच. एखाद्याचं वागणं समजलं म्हणून ते बदलत नाही, हे इतक्या साधेपणानं दाखवणारं दुसरं दृश्य सापडणं कठीण.

मराठी प्रेक्षकाला इथे ‘नटसम्राट’ आठवणारच. पण गणपतराव बेलवलकरांच्या बाजूनं उभं राहणं सोपं जातं. टायरोनांच्या घरात प्रत्येकानं दुसऱ्याला दुखावलेलं आहे आणि प्रत्येकाकडे त्याचं कारण आहे.

नाटक घडतं १९१२ च्या ऑगस्टमधल्या एका दिवशी. प्रत्यक्षात १९१४ च्या सुमारास एला व्यसनातून सुटली, तीही नन्सच्या मठात राहून. १९३९ ते १९४१ मध्ये लिहिताना ओनीलला हे माहीत होतं. आईवडील, थोरला भाऊ, सगळे तोवर गेलेले. तरी त्यानं सुटकेआधीचा दिवस निवडला. श्रद्धाळू माणूस म्हणेल, प्रार्थनेला उत्तर मिळालं होतं, लेखकानं ते दडवलं. हा आक्षेप हलका नाही. पण बऱ्या झालेल्या आईला माफ करायला फारसं काही लागत नाही. जी आत्ताही वरच्या खोलीत सुई टोचून घेते आहे, उद्याही घेणार आहे, तिला माफ करता येतं का? ओनीलला हा प्रश्न टाळायचा नव्हता. पंधराव्या वर्षी चर्चला जाणं सोडलेल्या या माणसानं केलेलं क्षमेचं हे काम ख्रिस्ती धर्माच्या अगदी गाभ्यातलं आहे.

थोरला भाऊ जेमीच्या बाबतीत मात्र प्रार्थनेला उत्तर आलंच नाही. आई १९२२ मध्ये वारली, त्यानं सोडलेली दारू पुन्हा धरली आणि पुढच्याच वर्षी तो गेला. त्याच्यासाठी ओनीलनं ‘अ मून फॉर द मिसबिगॉटन’ लिहिलं. तिथे त्याचा कबुलीजबाब ऐकायला पाद्री नाही. रात्रभर बसून तो ऐकते आणि त्याला माफ करते ती त्याची जमीन कसणाऱ्या कुळाची मुलगी.