बिल भरलं, म्हणजे झालं?

गावठाणातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बंद पडण्याचं पुराण आमच्या पिशोरात सगळ्यांना पाठ झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. मला राग आला तो लाइट गेल्यावर डीपीखाली जमलेल्या मंडळींचा. वायरमनला घेरून सगळे विचारत होते, ‘लाइट कधी येणार?’ आपल्या घरात काय काय लावलंय, हे कुणी सांगेना. ‘सगळेच लावतात’ म्हणणारे होते, ‘आमचा एकच तर एसी आहे’ म्हणणारेही होते. या दोघांनी आपसात मिटवावं.

पण ‘आम्ही बिल भरतो ना!’ हा तोरा? तिकीट काढलं म्हणून कन्नडच्या एसटीत चार सीटांवर आडवं पडता येतं का? बिल असतं युनिटचं. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला, तरी एक युनिट. दहा वॅटचा बल्ब शंभर तास जळला, तरी एकच. पैसे सारखे, पण त्या अर्ध्या तासात तारेवर भार दोनशे पट. तारेला तुमची पावती वाचता येत नाही. ती फक्त तापते, आणि करंट दुप्पट झाला की चौपट तापते.

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ अशी एक ओळ असते. रक्कम आणि शेवटची तारीख यांच्यापलीकडे आपण बिल वाचतो कधी? जुन्या घरांत तिथे अनेकदा 1 किलोवॅट असतो, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर. अद्रकीला भाव मिळाला की घरात दीड किलोवॅटचा एसी येतो, मग दोनची इंडक्शन शेगडी, एकची इस्त्री. झाले साडेचार किलोवॅट. त्यातलं निम्मं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर! 63 केव्हीएच्या डीपीवर अशी 15 घरं एकदम सुरू झाली, की तिची ताकद संपली. मग एक पंखा नि एक बल्ब असलेली म्हातारीही तुमच्यासोबत अंधारात. बिल तीही भरते.

फ्यूज उडतो म्हणून तिथे जाड तार पिळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. फ्यूज आधी जळावा म्हणूनच असतो. त्याला जळू दिलं नाही, तर दुसरं काहीतरी जळणारच.

आता सगळ्यांनी एसी काढून टाका, असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात आमच्याकडे काय उकडतं, ते मलाही कळतं. पण एसी घेताना पाचशे रुपयांसाठी दुकानदाराशी तासभर घासाघीस करणाऱ्याला भार वाढवून घ्यायचा अर्ज करायला मात्र वेळ नसतो, हे काही मला पटत नाही.