बॅकअप म्हणजे कुणाची आठवण?

अकोल्यातल्या एका संस्थेचा मेल सर्व्हर मी अमरावतीतून सांभाळायचो. मे महिन्यात एका रात्री तिथला एसी बंद पडला आणि सकाळपर्यंत दोन्ही हार्डडिस्क गेल्या. एक गेली तर दुसरी असावी म्हणून दोन ठेवतात, पण अकोल्याच्या उन्हाळ्यानं तेवढी सवड दिली नाही.

तरी मी निश्चिंत होतो. रोज रात्री बॅकअप व्हायचा, रोज सकाळी ‘यशस्वी’ असा मेसेज यायचा. मूर्तिजापूरवरून अकोला गाठलं, बॅकअप उघडला. त्यात सेटिंग होत्या, सगळ्यांची नावं होती, फक्त मेल नव्हते. मेलचा फोल्डर मी कधीतरी दुसऱ्या जागी हलवला होता आणि बॅकअपला ते सांगायचं राहून गेलं होतं. दीड वर्ष रिकामी पेटी रोज यशस्वीपणे जपली जात होती.

संकट मोठ्यांवरही येतं. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या 0.02 टक्के लोकांचे मेल दिसेनासे झाले. गूगलकडे अनेक प्रती होत्या, पण एकाच सॉफ्टवेअरच्या चुकीनं त्यांनाही फटका बसला. शेवटी मेल परत आले ते नेटपासून अलग ठेवलेल्या टेपवरून.

आमच्याकडे टेप नव्हती, माणसं होती. तिथली एक ताई म्हणाली, “माह्या कम्प्युटरात तर सारं दिसून रायलं, भाऊ.” मी धावत जाऊन आधी तिची नेटची वायर काढली. नवा सर्व्हर रिकामा होता. त्याच्याशी जुळवून घेता घेता तिच्या प्रोग्रॅमनं जवळचेही मेल पुसले असते. मग एकेका टेबलावरून मेल गोळा केले. बाहेरून येणारे नवे मेलही हरवले नाहीत, कारण पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो.

तरी एका विभागाचे तीन आठवडे सापडले नाहीत. माझा एक मित्र म्हणाला, “लिही ना, सारं परत आलं म्हणून. कोनाले समजते?” मोह मलाही झाला. पण कंत्राटावरचा एक मुलगा सांगत होता की त्यानं नेमक्या त्याच दिवसांत बिल मेल केलं होतं. त्याचा सेंट बॉक्सही त्याच सर्व्हरवर होता. मी ‘सगळं आलं’ असं लिहिलं असतं, तर ‘मेल दिसत नाही, म्हणजे पाठवलाच नाही’ हे आपोआप सिद्ध झालं असतं. माझी चूक झाकली गेली असती आणि खोटा तो ठरला असता.

तेव्हा मला रिद्धपूर आठवलं. अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं हे महानुभावांचं गाव. तेराव्या शतकाच्या शेवटाकडे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ लिहिलं. परंपरा सांगते की पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. मला मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. आठवणी जुळेनात, तर त्यांनी एकच गुळगुळीत पोथी करून बाकीच्या पुसल्या नाहीत. हा पाठ हिराइसेचा, हा दुसऱ्याचा, असं नावानिशी नोंदवून ठेवलं.

आपण बॅकअपला वस्तू समजतो. खरं तर तो आपल्यावर विसंबलेल्या लोकांना दिलेला शब्द असतो. आणि तो मोडलाच, तर निदान कुठं मोडला हे सांगणं आपल्याकडे लागतं. जे परत आणलं ते कुणाकडून आलं आणि भोक कुठं राहिलं, हे लपवलं की उरलेलं खरंसुद्धा खोटं बोलायला लागतं.

मी अहवालात पहिल्या ओळीत माझी चूक लिहिली. मग कोणता मेल कुणाच्या कम्प्युटरवरून आला त्याची यादी, आणि शेवटी हरवलेल्या तीन आठवड्यांच्या तारखा. त्या मुलाकडून बिल पुन्हा मागवून घेतलं गेलं. माझं काम पुढच्या वर्षी दुसऱ्याला गेलं. वाईट वाटलं, पण तक्रार नाही.

आता दर महिन्याला मी कुठला तरी एक जुना मेल बॅकअपमधून खरंच परत आणून पाहतो. तुम्हीही आज रात्री फोनमधल्या एखाद्या जुन्या फोटोचं तेवढं करून बघा. ‘यशस्वी’ या शब्दावर जाऊ नका.