आद्यत्वाचा मोह

हिवाळी ऑलिंपिकचे सामने जवळ आले की वृत्तपत्रांत एक बातमी बहुधा डोके वर काढते. स्कीइंगचा जन्म कोठे झाला, या प्रश्नाचा म्हणे आता निकाल लागला आहे. १९९४ साली हे सामने नॉर्वेतील लिलेहामर येथे भरले तेव्हा जन्मस्थानाचा मान नॉर्वेला होता. २०२२ साली ते बीजिंगला भरले तेव्हा तोच मान चीनच्या पदरात पडलेला दिसला. यजमान बदलावा आणि त्यासरशी हजारो वर्षांपूर्वीचे जन्मस्थानही बदलावे, हा चमत्कार बातमी देणाऱ्यांना खटकत नसावा.

आम्हां उष्ण प्रदेशातील माणसांना या वादात जय ना पराजय. म्हणूनच तो निवांतपणे पाहता येतो, आणि पाहताना लक्षात येते की येथे प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ‘आम्ही पहिले’ असे म्हणण्याचा हक्क माणसाला कशाने मिळतो, आणि तो न मिळताच उच्चारला तर कोणाचे काय बिघडते, हा नीतीचाही प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. शिनजियांगच्या उत्तरेस अल्ताय पर्वतराजीत एका खडकाच्या कपारीत तांबड्या रंगातील चित्रे २००५ साली उजेडात आली. काही मानवाकृती लांबट फळ्यांवर उभ्या राहून जनावरांचा पाठलाग करीत आहेत, असा त्यांचा अर्थ लावला गेला. चिनी स्की-इतिहासकार शान झाओजियान यांनी त्यांचे वय दहा-बारा हजार वर्षे मानले, आणि २००६ च्या जानेवारीत अल्ताय हे मानवी स्कीइंगचे जन्मस्थान असल्याची घोषणाही झाली. अडचण एवढीच की, रंगात सेंद्रिय द्रव्य नसेल तर खडकावरील चित्राचे वय कार्बन-पद्धतीने काढता येत नाही. मग उरतो तो शैलीवरून बांधलेला अंदाज, आणि त्याविषयी पाश्चात्त्य अभ्यासकांनी शंका घेतली आहे. चित्रे फार जुनी असू शकतील. पण ‘असू शकतील’ आणि ‘आहेत’ यांत अंतर आहे.

प्रत्यक्ष लाकडाचा पुरावा मात्र दुसरीकडचा. उत्तर रशियातील सिंदोर सरोवराजवळ, विस येथील दलदलीच्या मातीत पुरातत्त्वज्ञ बुरोव यांना १९६० च्या दशकात स्कीचे तुकडे मिळाले. त्यांचे वय सुमारे आठ हजार वर्षे ठरले आहे. एका तुकड्यावर एल्क या थोरल्या हरणाचे मस्तक कोरलेले आहे, आणि ते अशा जागी आहे की घसरताना वेग आवरण्यासही त्याचा उपयोग व्हावा. उपयुक्त वस्तूलाही रूप देण्याची ही हौस पाहून आम्हांला तरी तो अनामिक कारागीर कोणत्याही घोषणेपेक्षा जवळचा वाटला. स्वीडनमध्ये काल्वत्रेस्क येथे १९२४ साली सापडलेली स्की साधारण पाच हजार दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

आता गंमत अशी की, लाकूड टिकते ते दलदलीत आणि बर्फात. कोरड्या डोंगरउतारावर ते कुजून जाते आणि खडकावरचा रंग मात्र राहतो. तेव्हा जुन्या स्की कोठे सापडल्या याचा नकाशा काढला, तर तो बऱ्याच अंशी दलदलींचाच नकाशा होईल. स्की प्रथम कोणी पायाला बांधली, हे त्यावरून कळणार नाही. कदाचित ती एकाहून अधिक ठिकाणी, एकमेकांचा पत्ता नसतानाही, बांधली गेली असेल.

अभ्यासकाच्या लेखात ‘आजवर सापडलेली सर्वांत जुनी स्की’ असे शब्द असतात. वृत्तपत्राच्या मथळ्यात जागा अपुरी पडते आणि ‘आजवर सापडलेली’ हे दोन शब्द गळतात. ‘सर्वांत जुनी स्की’ एवढेच उरते. आकडा खरा, स्थळ खरे, नाव खरे, आणि तरीही वाक्य खोटे! अशा असत्याला शासन करणेही कठीण, कारण त्यात कोणी काही जास्तीचे लिहिलेले नसते. आमच्या मते वृत्तपत्रांच्या चुकांपैकी सर्वांत टिकाऊ चूक हीच. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी १८९४ च्या मार्चमध्ये दाव्होसहून खिंड ओलांडून स्कीवर अरोसा गाठले आणि त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात त्याची हकीगत लिहिली. पुढे ‘स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंग आणणारा माणूस’ म्हणून त्यांचे नाव छापले जाऊ लागले. वस्तुतः त्यांच्या सोबत वाट दाखवणारे दाव्होसचे ब्रांगर बंधू तीच खिंड आदल्या वर्षी ओलांडून आले होते, आणि स्वित्झर्लंडमधील ग्लारुसचा स्की-संघही १८९३ मध्येच स्थापन झाला होता. लेखकाला लेखणी होती, वाटाड्यांना नव्हती. असो.

नॉर्वेची कथा याहून नाजूक आहे. टेलेमार्कमधील मोर्गेडाल गावचा सोंद्रे नुर्हाइम (१८२५–१८९७) हा गरीब कूळ-शेतकरी. टाच जखडून ठेवणारी पिळलेल्या डहाळ्यांची बंधने वापरून त्याने उड्या आणि वळणे साध्य केली, आणि त्यातून आधुनिक स्कीइंग घडले. १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि तिकडेच वारला. १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकसाठी त्याच्या जन्मघरच्या चुलीतून ज्योत पेटवण्यात आली. गरिबाच्या चुलीचा हा सन्मान आम्हांला मनापासून आवडतो. परंतु ‘आधुनिक’ हे विशेषण गळाले की मोर्गेडाल हे स्कीइंगचेच उगमस्थान ठरते, आणि मग उत्तरेच्या सामी लोकांचे काय? सहाव्या शतकात प्रोकोपियस या ग्रीक इतिहासकाराने उत्तरेतील ज्या ‘स्क्रिथिफिनी’ लोकांचा उल्लेख केला, ते सामींचे पूर्वज असावेत असे अनेक विद्वान मानतात. राष्ट्राच्या गौरवगाथेत त्यांना फार उशिरा आणि फार थोडी जागा मिळाली.

कोणी म्हणेल, थोडा अभिमान बाळगला तर बिघडले कोठे? त्याने उत्साह वाढतो, मुले खेळू लागतात, गावाला चार पाहुणे येतात. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण अल्तायकडे पुन्हा पाहावे. तेथील तुवा लोक आजही हाताने स्की घडवतात. तळाला घोड्याचे केसाळ कातडे बसवतात. केस मागे झुकलेले असल्याने पुढे जाताना स्की सरकते आणि चढणीवर मागे घसरत नाही. तोल सांभाळायला एकच लांब काठी. आता बातमीदार लिहितो की, हे लोक दहा हजार वर्षे जसेच्या तसे स्कीइंग करीत आले आहेत. वरवर ही स्तुती दिसते. तिचा अर्थ मात्र असा होतो की, दहा हजार वर्षांत या लोकांना काही सुचलेच नाही. कोणा आजोबाने कातडे बदलून पाहिले नाही, कोणी फळीची लांबी बेतली नाही. जिवंत कारागिराला पुराव्याची वस्तू करून टाकणे, हा अन्याय आम्हांला कालगणनेतील चुकीहून मोठा वाटतो.

आपल्यालाही हा मोह परका नाही. बॅडमिंटन पुण्यात जन्मले, हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. १८७० च्या सुमारास पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या खेळाला नियम दिले, एवढे म्हटले तर ते पुरेसे गौरवाचे आहे; पिसांचे फूल हवेत झेलत ठेवण्याचा खेळ मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. आणि घराण्यांचे काय? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, कोठेही पाहावे. मूळपुरुष थेट शिंदे-होळकर-गायकवाडांच्या पहिल्याच स्वारीबरोबर आले, असे सांगणारी घरे पुष्कळ. तीस वर्षांनंतर कारकुनीच्या शोधात आलो, असे सांगणारी मोजकीच. वास्तविक त्या दुसऱ्या माणसाचे धाडस कमी होते काय? त्याच्या पाठीशी फौज नव्हती.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरील त्रो बेटावर स्कीवर उभ्या माणसाचे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे कोरीव चित्र होते. लिलेहामरच्या खेळचिन्हांना त्यातूनच स्फूर्ती मिळाली. २०१६ साली दोन मुलांनी ते अधिक स्पष्ट दिसावे म्हणून धारदार वस्तूने त्याच्या रेषा कोरून काढल्या. हेतू वाईट नव्हता. चित्र अधिक ठळक झाले, आणि मूळ रेषा गेली ती गेलीच.

त्याच देशातील दिगेरवार्देन येथे वितळत्या बर्फात २०१४ मध्ये एक स्की सापडली. संशोधक थांबले, पुन्हा पुन्हा तेथे गेले, आणि २०२१ मध्ये तिची जोडीदार पाच मीटरवर मिळाली. दोन्ही सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या. दोन्ही हुबेहूब सारख्या नाहीत, भरपूर वापरलेल्या आहेत आणि त्यांची डागडुजीही केलेली आहे.