हरणाऱ्यांवरची आशा

हरणाऱ्यांवर आशा ठेवणे हा भाबडेपणा आहे का?

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी थंडर हा बास्केटबॉल संघ नव्याने उभा राहत असताना २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरला. एनबीए स्पर्धेत तोवर एवढ्या फरकाने कुणीच हरले नव्हते. खेळाडू कोवळे, प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट अवघे ३६ वर्षांचे. तरी त्यांना काढले नाही. २०१९च्या निवडीत एकाही संघाने न घेतलेला लू डॉर्टही संघात टिकला. २०२५ मध्ये याच दोघांसह थंडर विजेता ठरला.

समजा, विजेतेपद मिळाले नसते. मग ती आशा फुकट गेली असती का? नाही. आशा म्हणजे निकालाचे भाकीत नव्हे, तर शिकणाऱ्याला दिलेला वेळ होय. नापास झालेल्या आपल्या मुलाला आपण तो देतो का?