चार आयती आणि आपण

परधर्माच्या ग्रंथाचा अभ्यास करावा काय, असे कोणी विचारले असता सुशिक्षित मनुष्य बहुधा 'अवश्य करावा' असे उत्तर देतो आणि ग्रंथ न उघडताच विषय संपवितो. हे उत्तर उदार दिसते. परंतु त्यासाठी काही किंमत मोजावी लागत नाही, म्हणूनच ते इतक्या सहजतेने दिले जाते. 'सर्व धर्म शेवटी एकच सांगतात' असे म्हणणारा आणि 'आम्हांला आमचे पुरेसे आहे' असे म्हणणारा हे दोघे परस्परविरोधी भासतात. तथापि एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे : वाचण्याची गरज दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. प्रस्तुत लेखात कुराणातील अवघ्या चार आयतींचा एक अध्याय विचारार्थ घेतला आहे. नित्य देवळात जाणाऱ्या, आरतीस उभे राहणाऱ्या मनुष्याने तो अर्थासह आणि शुद्ध उच्चारासह शिकावयाचे ठरविले, तर त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, हे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न आमच्या चलथाणसारख्या गावी केवळ पुस्तकी राहत नाही. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गावर हे गाव आहे. सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव झाले, आणि खानदेशातील मराठी माणसे याच मार्गाने पोटापाण्यासाठी इकडे येत राहिली. जवळचे सुरत बंदर मोगल काळात हजच्या यात्रेकरूंचे प्रस्थानस्थान होते व त्यामुळे ते 'मक्केचे द्वार' म्हणून ओळखले जाई. ज्या प्रदेशातून शतकानुशतके लोक मक्केस गेले, त्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतील चार ओळींचा अर्थ ठाऊक आहे? अजान आपल्या कानावर रोज पडते. पण कानावर पडणे म्हणजे ऐकणे नव्हे.

कुराणाचे एकंदर ११४ अध्याय, अर्थात सूरा, आहेत. त्यांतील ११२ वी सूरा 'इख्लास' या नावाने प्रसिद्ध आहे. इख्लास म्हणजे निर्मळ, भेसळ नसलेली निष्ठा. गंमत अशी की, हा शब्द त्या सूरेत कोठेही येत नाही; तो तिच्या आशयाला दिलेले नाव आहे. हदीसमध्ये ही छोटीशी सूरा कुराणाच्या एकतृतीयांशाच्या तोडीची म्हटली आहे. भाष्यकार याचा उलगडा असा करतात की, कुराणाचे विषय स्थूलमानाने ईश्वरस्वरूप, आज्ञा आणि कथा असे तीन धरले, तर त्यांतील पहिला विषय या चार आयतींत पूर्णपणे आला आहे.

तिच्या प्रसंगाविषयी जी परंपरा सांगितली जाते, ती आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. मक्केतील लोकांनी पैगंबरांस विचारले, "तुझ्या ईश्वराची वंशावळ सांग." आपल्या भाषेत म्हणावयाचे तर, त्यांनी देवाचे गोत्र विचारले! संकल्प सोडताना आपण स्वतःचे गोत्र उच्चारतो, सोयरीक जुळविताना दुसऱ्याचे विचारतो. तेव्हा हा प्रश्न आपणांस परका वाटू नये. सूरेने दिलेल्या उत्तराचा आशय असा : तो एक आहे. तो 'समद' आहे, म्हणजे सर्वांनी ज्याच्याकडे धाव घ्यावी, पण ज्याला कोणाचीच गरज नाही, असा आहे. त्याने कोणास जन्म दिला नाही आणि कोणी त्यास जन्म दिला नाही. त्याच्या बरोबरीचे कोणी नाही. 'समद' हा शब्द साऱ्या कुराणात एवढ्या एकाच ठिकाणी आला आहे. ज्यात पोकळी नाही असे भरीव, अशीही त्याची एक अर्थच्छटा सांगतात.

आता उच्चाराकडे वळू. सूरेतील पहिलाच शब्द 'सांग' अशी आज्ञा आहे. त्यातील पहिले अक्षर 'क़' हे घशाच्या खोलातून, पडजिभेपाशी काढावयाचे असते. तेथे आपला नेहमीचा 'क' आला की त्या अरबी शब्दाचा अर्थ 'खा' असा होतो! मराठी वाचकास तर त्या 'कुल' शब्दात आपला वंशवाचक संस्कृत शब्दच ऐकू येईल. आणि सूरा तर सांगते की, ईश्वरास कुळच नाही. एका वर्णाच्या चुकीने केवढा अनर्थ होतो, हे आपल्या परंपरेस नवे नाही. त्वष्ट्याने 'इंद्रशत्रू' या शब्दाचा स्वर चुकविला आणि इंद्रास मारणारा उत्पन्न होण्याऐवजी इंद्राकडून मरणारा उत्पन्न झाला, ही कथा आपले वैदिक आजही विद्यार्थ्यांस सांगतात. पुढे, चारही आयती 'द' या वर्णावर येऊन थांबतात. 'प्रसाद' म्हणताना आपण शेवटचा 'द' जसा अर्धवट गिळतो, तसा येथे गिळून चालत नाही. आणि त्यास पूर्ण स्वर जोडूनही चालत नाही. चेंडू जमिनीवर आपटून किंचित उसळावा, तसा तो वर्ण उसळला पाहिजे. पठणशास्त्रात, म्हणजे तजवीदमध्ये, यास 'कल्कला' म्हणतात. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध मुसलमान गृहस्थांनी मला पहिला शब्द बारा-पंधरा वेळा म्हणावयास लावला, तेव्हा कोठे ते दुसऱ्या शब्दाकडे वळले. संथा देणाऱ्या आपल्या गुरुजींची रीत याहून निराळी नाही. वर्ण, मात्रा, स्वर, बल यांचा जो काटेकोर विचार आपल्या शिक्षाग्रंथांनी केला, त्याच जातीचा विचार तिकडेही झाला आहे.

परंतु निव्वळ उच्चाराने भागते काय? अर्थ न जाणता वेद पाठ करणारा केवळ ओझे वाहणारा ठरतो, असा कठोर अभिप्राय यास्काच्या निरुक्तात नोंदलेला आहे. अरबस्तानाबाहेरील असंख्य मुसलमान अरबी भाषा न जाणता या आयती म्हणतात. त्याचप्रमाणे आपल्यांतील असंख्य लोक अर्थ न जाणता रुद्र आणि पुरुषसूक्त म्हणतात. तेव्हा येथे कोणी कोणास हसण्याचे कारण नाही. उलट, केवळ भाषांतर वाचून 'समजले' म्हणणाराही अपुराच राहतो. ग्रंथ ज्यांचा आहे, त्यांच्या जिभेवर तो कसा वसतो हे त्यास कळत नाही. अर्थाने बुद्धीची ओळख होते, उच्चाराने श्रद्धेची. आणि शेजाऱ्याची ओळख करून घ्यावयाची तर दोन्ही लागतात.

येथपर्यंत मार्ग सोपा होता. खरी अडचण तिसऱ्या आयतीपाशी उभी राहते. देवकीच्या पोटी जन्मलेल्या कृष्णाचा जन्मोत्सव करणारे, पार्वतीनंदन म्हणून गणपतीस आळविणारे आपण, 'तो जन्मतही नाही आणि जन्म देतही नाही' हे वाक्य कोणत्या मनाने उच्चारणार? अशा वेळी आपला सुशिक्षित मनुष्य चटकन् म्हणतो, "हे तर आमचे निर्गुण ब्रह्मच!" माझ्या मते ही घाई सौजन्याची दिसली तरी न्यायाची नाही. अद्वैती ज्यास एकमेवाद्वितीय म्हणतो, त्याच्या दृष्टीने ब्रह्माहून वेगळे असे परमार्थतः काही उरतच नाही. या सूरेतील एकत्व तसे नाही. तेथे निर्माता निर्माताच राहतो व सृष्टी सृष्टीच राहते. त्यांच्यामधील अंतर कधीही पुसावयाचे नाही, हाच तिचा आग्रह आहे. दोन्ही ठिकाणी 'एक' हा शब्द आला एवढ्यावरून दोन्ही विधाने एक ठरत नाहीत.

वकिली व्यवसायात एक साधा नियम आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडावयाचे असो वा मान्य करावयाचे असो, आधी ते त्याने मांडले तसे मांडले पाहिजे. त्याच्या कैफियतीतील अडचणीचा परिच्छेद वगळून 'आमचे दोघांचे एकच म्हणणे आहे' असे न्यायालयास सांगणारा वकील तडजोड करीत नसतो. तो दस्तऐवजात फेरफार करीत असतो. परधर्माचा ग्रंथ वाचणाऱ्यावरही हेच बंधन आहे. जो भेद आहे, तो भेद म्हणून जपणे हा आदराचाच एक प्रकार होय. एकनाथांनी आपल्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघांनाही एकमेकांवरील आक्षेप स्पष्टपणे बोलू दिले आहेत, आणि समेट त्यानंतर घडविला आहे. आक्षेप दडपून केलेला समेट त्यांस नको होता.

या कामी आपल्यापुढे विनोबांचे उदाहरण आहे. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली. त्या वेळी त्यांचा परिचय करून देताना गांधीजींनी, विनोबांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबीचा अभ्यास केला आणि शेजारच्या मुसलमानांशी जिवंत संबंध जडावा म्हणून तो त्यांस आवश्यक वाटला, हे आवर्जून नमूद केले. ज्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि ज्यांची ती प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली, तेच हे विनोबा. गीतेवरील त्यांची निष्ठा अरबीने उणावली नाही. पुढे त्यांनी कुराणातील निवडक आयतींचे 'कुराण-सार' सिद्ध केले. ईश्वरी वचनांतून निवड करण्याचा अधिकार माणसास आहे काय, हा आक्षेप श्रद्धावान मुसलमान घेऊ शकतो, आणि तो पोकळ नाही. म्हणून सार वाचणाराने ते दार समजावे, घर समजू नये.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. रैहाना तय्यबजी यांच्यामुळे गांधीजींच्या प्रार्थनेत कुराणातील आयती आल्या होत्या. एप्रिल १९४७ च्या आरंभी दिल्लीच्या वाल्मीकी मंदिराच्या आवारात गांधीजींची प्रार्थना चालू असता, 'हे हिंदूंचे मंदिर आहे, येथे कुराण नको' असा आक्षेप घेतला गेला. पंजाब तेव्हा जळत होता; आक्षेप घेणाराच्या मनातील जखम खोटी म्हणता येणार नाही. गांधीजींनी जमलेल्या बहुसंख्येच्या बळावर त्यास दडपले नाही. प्रार्थनाच थांबविली, आणि ओळीने काही सायंकाळी ती होऊ शकली नाही. मात्र आयती गाळून उरलेली प्रार्थना करण्यासही त्यांनी नकार दिला. एका माणसाच्या मनाचा मान राखावयाचा, पण सत्याची काटछाट करावयाची नाही, असा हा दुहेरी विवेक होता. मला स्वतःला असे वाटते की, देवळाच्या गाभाऱ्यातील विधी त्या देवळाच्या परंपरेने चालावा आणि त्यात बाहेरचे काही कोणी बळाने घालू नये. परंतु देवळात जाणाऱ्या भक्ताने घरी, ग्रंथालयात वा शेजाऱ्याच्या ओसरीवर काय शिकावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही देवस्थानास नाही. आपला देव अरबी जाणत नाही, असे तर आपणही म्हणणार नाही!

'ते आपली गीता वाचतात काय?' हा प्रश्न आता कोणी तरी विचारीलच. त्यास एक उत्तर इतिहासाने दिले आहे : दारा शुकोह याने १६५७ साली उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध केले. पण समजा, असे कोणीच केले नसते, तरी काय? करारात मोबदला लागतो. मोबदल्याविना करार टिकत नाही. कर्तव्याचे तसे नाही. समोरच्याने आधी सत्य बोलावे, मग मी बोलेन, असे म्हणणाऱ्यास आपण सत्यवादी म्हणत नाही. समजून घेण्याचे कर्तव्यही असेच एकपक्षी आहे.

शेवटी, या अभ्यासातून मंदिरनिष्ठ मनुष्यास स्वतःसाठी काय मिळते? मूर्तिपूजा सोडण्याचा उपदेश मी येथे करीत नाही. मीही आरतीस उभा राहणारा आहे. परंतु 'समद' हा एक शब्द मनात घेऊन देवळाची पायरी चढून पाहावी. ज्याला कशाचीच गरज नाही, त्यास आपण नवस बोलतो : मुलगा पास होऊ दे, दावा जिंकू दे, म्हणजे इतके तोळे सोने, इतके नारळ! हा व्यवहार आपण कोणाशी करीत आहोत? देणगीदाराचे नाव संगमरवरात कोरताना आपण ईश्वरास काही दिले, असे आपणांस वाटते काय? निष्काम भक्तीचा उपदेश आपल्या संतांनी हेच सांगण्यासाठी केला. पण घरच्या माणसाचे बोलणे सवयीने ऐकू येईनासे होते, आणि तेच परक्या स्वरात आले की मनुष्य दचकून ऐकतो. हा दचका मोलाचा आहे. त्याने आपला देव बदलत नाही. देवाशी चाललेला आपला सौदा मात्र उघडा पडतो.

चार आयती शिकावयास फार दिवस लागत नाहीत. गावातील जाणत्या माणसाकडे जावे, शब्द न् शब्द त्याच्याकडून म्हणून घ्यावा, अर्थ त्याच्याच तोंडून ऐकावा, आणि जेथे आपले पटत नाही तेथे नम्रपणे 'हे मला पटत नाही' असे सांगावे. तो तुम्हांस चहा दिल्यावाचून परत पाठविणार नाही. पटणे हा पुढचा प्रश्न आहे. आधी नीट ऐकणे, एवढे तरी आपण एकमेकांचे देणे लागतो.